गाडी १५०० किलो ओढते, ट्रेलर १२५० चा. जमेल ना?

चाकावरचा संसार

नमस्कार मंडळी. ट्रेलरचे धागे वाचून वाचून डोकं गरगरायला लागलंय, म्हणून सरळ विचारतेच.

आमची पाच आसनी क्रॉसओव्हर आहे. चार सिलिंडर, टर्बो, ऑटोमॅटिक. पुस्तिकेत ओढायची क्षमता १५०० किलो दिलीय, हिचवर (गाडीमागे ट्रेलर अडकवायचा जोड) जास्तीत जास्त १५० किलो. आम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि एक कुत्रा. कुत्रा स्वतःला पाचवा माणूस समजतो, त्यामुळे मागची सीट नेहमी भरलेली.

तंबूला कंटाळलोय. मनात भरलेला ट्रेलर एका ॲक्सलचा, म्हणजे दोन चाकांचा आहे. पाच मीटर लांब, मागे मुलांसाठी वर-खाली बर्थ, छोटा ओटा, छोटं टॉयलेट. माहितीपत्रकात रिकामं वजन १२५० किलो. डीलर म्हणतो, "ताई, २५० किलोची मोकळीक आहे, डोळे झाकून घ्या." नवरा म्हणतो, टियरड्रॉप घेऊ, तो थेंबाच्या आकाराचा, नुसता झोपण्यापुरता छोटा ट्रेलर. अहो, पण पाऊस लागला तर त्यात चौघांनी बसायचं कुठे?

जमेल का हा? आणि तो बराच उंच आहे, त्याने काही फरक पडतो का?

मोकळा रस्ता

बिनधास्त घ्या. माझ्या मेव्हण्याची गाडी तुमच्यापेक्षा लहान आहे आणि याहून मोठा ट्रेलर ओढते. आजवर काही झालेलं नाही. कंपन्या आकडे हातचं राखूनच देतात.

काटेतोल

ताई, डोळे झाकून घ्यायची ही वस्तू नाही. पण नाही म्हणायच्या आधी मला एक आकडा हवाय. तो तुम्ही दिला नाहीत आणि डीलरने विचारलाही नसणार.

ड्रायव्हरचं दार उघडा. टायरमध्ये हवा किती भरायची ते जिथे लिहिलेलं असतं, तिथेच माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल तेही बहुधा असतं. काही देशांतल्या गाड्यांवर हा आकडा थेट मिळत नाही. तिथे गाडीचं कमाल भरलेलं वजन दिलेलं असतं, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करायचं. तो आकडा इथे टाका, मग बोलू.

मोकळा रस्ता, तुमच्या मेव्हण्यांची गाडी ट्रेलर ओढते यात शंकाच नाही. सपाट रस्त्यावर काहीही ओढलं जातं. लांब उतारावर थांबताना आणि शेजारून मोठा ट्रक सुसाट गेल्यावर काय होतं, ते त्यांना विचारा.

चाकावरचा संसार

मुलाने टॉर्च मारून वाचला. "माणसं आणि सामान यांचं एकत्रित वजन ४५० किलोपेक्षा जास्त नसावं." एवढ्या वर्षांत या स्टिकरकडे मी एकदाही पाहिलेलं नाही. पण हे तर गाडीतल्या सामानाचं झालं ना? ट्रेलर तर मागे आहे.

काटेतोल

ट्रेलर मागे आहे, पण त्याचं नाक तुमच्या गाडीवर टेकलेलं असतं. हिचच्या गोळ्यावर जेवढं वजन येतं, तेवढं गाडीच्या लेखी डिकीत ठेवलेलंच सामान. लहान गाड्यांचा घोळ इथेच होतो. ओढायची ताकद शिल्लक असते, पण वाहायची ऐपत त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणून १५०० हा आकडा मी सगळ्यात शेवटी बघतो.

आता हिशेब मांडू. तुम्ही दोघं मिळून १३५ किलो धरतो (कमी-जास्त असेल तर आपापसात ठरवा, इथे सांगू नका). मुलं ८०, कुत्रा २५. झाले २४०. गाडीला खालून बसवलेला हिचचा सांगाडा आणि गोळा मिळून २५. डिकीत हमखास जाणाऱ्या बॅगा, खुर्च्या, कुत्र्याचं बिऱ्हाड यांचे ६०. बेरीज ३२५. म्हणजे ४५० पैकी उरले १२५ किलो. पुस्तिका हिचवर १५० चालतील म्हणते, पण तुमचं कुटुंब बसल्यावर खरी मर्यादा १२५.

आता ट्रेलर. माहितीपत्रकातलं रिकामं वजन खरंच रिकाम्याचं असतं. बॅटरी, गॅस, डीलरने लावून दिलेली कनात यांतलं बरंचसं त्यात नसतं. १२५० मध्ये लेड-ॲसिड बॅटरीचे २८ घाला, भरलेल्या दोन सिलिंडरचे ३०, पाण्याच्या टाकीचे ९० (लिटरला किलो, यात सूट नाही), आणि भांडी, अंथरुणं, हत्यारं, नळ्या, वायरी, कपडे यांचे १४०. झाले १५३८. डीलरची २५० किलोची मोकळीक तुम्ही घरातून निघायच्या आधीच संपली, वर ३८ किलो उसने.

पण खरी अडचण त्याच्याही पुढे आहे. असा ट्रेलर सरळ चालायला हवा असेल तर त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. १२ टक्के धरले तरी १८५ किलो. तुमच्याकडे आहेत १२५. आता यात "बघू, जमवू"ला जागाच राहिली नाही.

उलटीकडून या. १२५ किलो म्हणजे १२ टक्के, तर भरलेला ट्रेलर साधारण १०४० किलोचा. त्यातून बॅटरी, गॅस, पाणी, सामान यांचे २८८ काढा. रिकामा ट्रेलर ७५० च्या आसपास हवा. पाणी मुक्कामावर पोचून भरणार असाल तर ८४० पर्यंत चालेल. शोध तिथून सुरू करा.

घाटवाट

हे वाचून मी आमच्या गाडीचा स्टिकर बघून आलो. आता बायको विचारतेय, तोंड का उतरलंय.

एक शंका. नाकावरचा भार जास्त होतोय तर थोडं सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला सरकवलं की झालं ना? १८५ चे १२५ होतील.

काटेतोल

घाटवाट, हा उपाय सगळ्यांना सुचतो आणि सगळ्यांत वाईट हाच.

वजन ॲक्सलच्या मागे गेलं की नाक हलकं होतं आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. वाऱ्याचा झोत, ट्रकचा धक्का, नाहीतर तुम्हीच स्टिअरिंगला दिलेली जराशी हालचाल, एवढं निमित्त पुरतं. कमी वेगात तो हेलकावा आपोआप मरतो. एका ठराविक वेगानंतर तो मरत नाही, प्रत्येक फेरीला वाढतो. तो वेग किती, हे वजनाच्या मांडणीवर ठरतं, आणि मागे लादलेल्या ट्रेलरचा तो वेग तुमच्या नेहमीच्या वेगाच्या खाली येऊ शकतो.

आणि तसं झालंच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही. पुढची गाडी हळू झाली की मागून ट्रेलर तिला ढकलतो, हेलकावा आणखी वाढतो. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर फक्त तेच गाडीतल्या कंट्रोलरवरून हाताने लावा. हेलकाव्याला उत्तर म्हणून स्टिअरिंग फिरवायला जाऊ नका. तुमचा हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि आगीत तेल पडतं.

मागे सायकलींचा स्टँड लावणाऱ्यांनी तर हे दोनदा वाचावं. बंपरच्या पलीकडे टांगलेलं थोडं वजनही लांब तरफेच्या टोकावर असतं. आणि पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, हे घेण्याआधी खाली वाकून बघा. मागे असेल तर टाकी भरली की नाक हलकं होतं.

उत्तरेचा वारा

मी युरोपात कॅरॅव्हान, म्हणजे असाच राहायचा ट्रेलर, ओढतो आणि इथे कुणी १० ते १५ टक्के धरत नाही. आमचं गणित ५ ते ७ टक्क्यांचं. बऱ्याच गाड्यांची हिचवरची मर्यादाच ७५ ते १०० किलो असते, आणि तरी लोक १३०० किलोच्या कॅरॅव्हान नेतात. मग काटेतोल म्हणतात ते सगळं अमेरिकी भीतीचंच म्हणायचं का?

काटेतोल

नाही हो, दोन्ही बरोबर आहेत. फक्त एकाचं अर्धं आणि दुसऱ्याचं अर्धं जोडायचं नाही.

तुमच्याकडे जर्मनीत कॅरॅव्हानला मुळात ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा, वेगळी मान्यता काढली तर १०० ची. तिथल्या कॅरॅव्हान हलक्या बांधणीच्या, ॲक्सल मध्याच्या जवळ, जड वस्तू ॲक्सलच्या वर. हिचच्या मुठीतच घर्षणाने हेलकावे दाबणारी सोय बहुतेक ठिकाणी असते. ही सगळी मांडणी मिळून ६ टक्क्यांत चालते. अमेरिकी बांधणीचा, ॲक्सल बराच मागे असलेला ट्रेलर घेऊन ११० ने जायचं आणि टक्के मात्र युरोपातले लावायचे, हे चालत नाही. ज्या ट्रेलरच्या कारखान्याने जे प्रमाण सांगितलंय, तेच त्या ट्रेलरला.

ताई, तुमच्या पुस्तिकेत १५०० ओढणं आणि १५० हिचवर, म्हणजे बरोबर दहा टक्के. जिच्यात १५०० ला ७५ लिहिलंय ती गाडी वेगळ्या गणिताची.

घाटवाट

मग कंपनी १५०० हा आकडा काढते तरी कशी? कुणीतरी ओढून बघत असेलच ना?

काटेतोल

बघतात, आणि चांगलं कसून बघतात. अमेरिकेत त्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेचं जे२८०७ नावाचं मानक आहे. टोयोटाने २०११ च्या टुंड्रा पिकअपपासून ते आधी स्वीकारलं, बाकीचे हळूहळू मागून आले. त्यातली चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या घाटाची आहे. सुमारे १८ किलोमीटरचा सलग चढ, बाहेर ३८ अंश, एसी पूर्ण चालू, आणि वेग साधारण ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. युरोपातली रीत वेगळी. तिथे भरलेली जोडगोळी १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा सुटली पाहिजे.

पण अमेरिकी चाचणीत गाडीत कोण असतं? ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी ६८ किलो, आणि हिचच्या सामानाचे फार तर ३२. मुलं नाहीत, बॅगा नाहीत, कुत्राही नाही. म्हणून आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्याच कुटुंबाचा असतो.

शिवाय टर्बो नसलेलं इंजिन उंचीवर हजार मीटरमागे सुमारे दहा टक्के ताकद गमावतं. टर्बोला हा त्रास बराच कमी, पण वरच्या विरळ हवेत रेडिएटर थंड ठेवायला त्यालाही जड जातं. डोंगरात जाणाऱ्यांनी पुस्तिकेतली उंचीची तळटीप वाचावी.

चाकावरचा संसार

पटलं. मुलीने सगळे आकडे वहीत मांडून बाबांना दाखवले आणि तो पाच मीटरचा बाद झाला. तिचा चेहरा पडला, बर्थ वरचा तिने आधीच धरून ठेवला होता.

आता पर्याय काय? आणि उंचीचं राहिलंच.

काटेतोल

उंचीचं आधी सांगतो, कारण तुमच्या पर्यायाचं उत्तर त्यातच आहे.

वजन चढावर छळतं, आकार सगळीकडे छळतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. तुमचा तो ट्रेलर २.१ मीटर रुंद आणि त्याचा डबा अडीच मीटर उंच धरला, तर सव्वापाच चौरस मीटरची भिंत तुम्ही हवेत ढकलत नेणार. त्यातला काही भाग गाडीच्या आड लपतो, बाकी उघडा. बऱ्याच क्रॉसओव्हरच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची वेगळी मर्यादा असते, आणि ती शोधायला लागते, कारण ती वजनाच्या तक्त्यात नसून खाली बारीक अक्षरात असते. वजनात बसणारा पण त्या मर्यादेबाहेरचा ट्रेलर समोरून वारा आला की गिअरबॉक्सला सारखं खाली-वर करायला लावतो. तेल तापतं. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) असेल तर आणखीच जपायचं.

म्हणून चौघांसाठी आणि तुमच्या १०४० किलोंसाठी मी पॉप-अप बघीन. रस्त्यावर छातीएवढा, मुक्कामावर छत वर, दोन्ही टोकांना बिछाने बाहेर. गाडीच्या मागे जवळजवळ लपून जातो, आरशातून मागचा रस्ता दिसतो. तोटे आहेत. पोचल्यावर उभारायला वेळ जातो, पावसात उभारताना भिजायला होतं. आणि ओलं कापड मिटून तसंच ठेवलंत तर आठवड्यात बुरशी. घरी आल्यावर उघडून वाळवायला जागा आहे का, ते आधी बघा. ज्यांना नाही त्यांनी पॉप-अपच्या नादी लागू नये.

दुसरा पर्याय फायबरग्लासचा अंड्यासारखा छोटा ट्रेलर. १९६८ साली कॅनडात विनिपेगमध्ये निघालेल्या बोलरपासून ही जात चालत आलीय. दोन अर्धी कवचं, मध्ये एक जोड. छताला सांधे कमी म्हणून गळती कमी, आणि वजनही आटोपशीर. पण चार मीटरच्या आतल्या अंड्यात चौघं "झोपतात" हे कागदावर. तेरा वर्षांच्या मुलीबरोबर तुम्ही एक उन्हाळा काढाल, दुसरा नाही.

टियरड्रॉपबद्दल तुमचं बरोबर. तो दोघांचा.

मोकळा रस्ता

आणि तो वजन वाटून देणारा हिच मिळतो ना, दोन्ही बाजूंना दांडे असलेला? तो लावला की पाच मीटरचाही चालेल. उगाच मुलीचा बर्थ घालवला तुम्ही लोकांनी.

काटेतोल

तो हिच मागच्या चाकांवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर ढकलतो. खाली बसलेली गाडी त्याने समतल होते, स्टिअरिंग नीट लागतं. चांगली वस्तू आहे. पण दारावरचा ४५० आणि पुस्तिकेतला १५०० त्याने वाढत नाही. आणि खाली वेगळी चौकट (चासी) नसलेल्या कित्येक क्रॉसओव्हरच्या पुस्तिकेत तो लावूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आधी पान उघडा, मग दांडे.

उत्तरेचा वारा

ब्रेकचं कुणीच बोललं नाही. युरोपात ७५० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे. पुस्तिकेत ब्रेकसह आणि ब्रेकशिवाय असे दोन आकडे असतात, दुसरा खूपच कमी. १५०० हा नक्की ब्रेकसहचा असणार.

काटेतोल

हो, ते राहिलंच होतं. ताई, १०४० किलोचा ट्रेलर ब्रेकशिवाय नकोच, कायदा काही म्हणो. इलेक्ट्रिक असतील तर गाडीत कंट्रोलर बसवावा लागेल. मोकळ्या जागेत तीसच्या वेगाने जाऊन फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावून बघा. मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं ठाम जाणवलं पाहिजे, चाकं मात्र घासता कामा नयेत.

चाकावरचा संसार

एक पॉप-अप बघून आलो! वापरलेला आहे. रिकामा ७९०, भरून कमाल ११००, इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. पाणी आम्ही पोचून भरू. मुलीला एका टोकाचा आख्खा बिछाना मिळतोय, त्यामुळे वातावरण निवळलंय.

दोन प्रश्न. नाकावर किती वजन येतंय ते घरच्या घरी कसं मोजायचं? आणि मालक म्हणतो टायर नवे आहेत. नक्षी खरंच खोल दिसतेय.

काटेतोल

७९० आणि पाण्याशिवाय १९८, म्हणजे ९८८. बारा टक्क्यांनी ११९. बसतंय, पण सहाच किलोंनी. म्हणून मोजायलाच हवं.

घरचा माणसं मोजायचा काटा चालतो, पण त्यावर थेट ११९ किलो ठेवू नका. एक जाड, सरळ फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्हीकडे फळीखाली पाइपचा तुकडा आडवा, म्हणजे टेकायची जागा पक्की राहते. विटेकडच्या पाइपपासून ३० सेंटिमीटरवर ट्रेलरचं नाक फळीवर टेकवा, आणि तिथून काट्याकडचा पाइप ६० सेंटिमीटरवर ठेवा. काट्यावर येईल त्याच्या तिप्पट खरा भार. नाक टेकवायच्या आधी नुसत्या फळीचं वजन काट्यावर किती येतं ते बघून वजा करा. चाकांना दोन्हीकडून अडणी लावा, ट्रेलर समतल ठेवा, आणि हे सगळं प्रवासाला निघताना असतं तसं सामान भरून. रिकाम्याचं मोजून उपयोग नाही.

एकूण वजनासाठी ट्रक मोजायच्या काट्यावर जा. ट्रेलर जोडलेला असताना गाडीची चारही चाकं पाटावर, ट्रेलरची बाहेर, असं एकदा. मग सगळी जोडी पाटावर. पहिलं वजन गाडीच्या कमाल भरलेल्या वजनाच्या आत हवं, दुसरं गाडी आणि ट्रेलर मिळूनच्या मर्यादेच्या आत. माणसं आणि कुत्रा गाडीतच बसू द्या.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा असतो, नक्षी झिजतच नाही, रबर मात्र उन्हात म्हातारं होतं. कडेवर चार आकडी तारीख शोधा. ३२१९ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यातला. कधीकधी ती बाजू आतल्या अंगाला असते, तेव्हा खाली झोपून बघायला लागतं. सहा वर्षांच्या पुढचा असेल तर दोन्ही बदलायच्या बोलीवरच सौदा करा. सुटं चाकही विसरू नका, ते बहुतेक वेळा ट्रेलरच्याच वयाचं असतं.